सोलापुरातल्या सात रस्त्याच्या अण्णांना, उघड पत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार. फोनवर धन्यवाद म्हटलं की तुम्ही "असू दे की" म्हणून फोन ठेवता. दोनदा झालं. म्हणून हे पत्र. निदान ते मध्येच तोडता येणार नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. कुणी कोणत्या मागावर किती नग काढले, त्यावरून शनिवारचा पगार. वहीवर अख्खा दिवस जायचा, म्हणून रात्री जागून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पायथन नाही, म्हणून पायइन्स्टॉलर या साधनानं तिची ईएक्सई केली, म्हणजे पायथन नसलं तरी थेट चालणारी फाइल. घरी ती चालायची. ऑफिसात मात्र डबल क्लिक केलं की काळी स्क्रीन चमकायची आणि गायब. चार दिवस मी तीच ईएक्सई पुन्हा पुन्हा बनवत बसले, जणू आठव्यांदा थापली की भाकरी फुगणारच होती.

तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले तेव्हा तुम्ही एका उघड्या सीपीयूतली धूळ ब्रशनं काढत होता. कोपऱ्यात आमच्या ऑफिससारखंच विंडोज ७ चं जुनं मशीन होतं. तुम्ही कीबोर्डला हातही लावला नाहीत. "डबल क्लिक करू नको. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघड, फाइल त्यात ओढून टाक, एंटर मार. आता काय म्हणतंय ते वाच की, बाई."

वाचलं. पायथनची डीएलएल, म्हणजे ते चालायला लागणारी फाइल, लोड होत नव्हती. ती नेटवरून उतरवून घ्यायच्या तयारीत मी होतेच. "रस्त्यावर सापडलेली गोळी खाशील का?" एवढंच विचारलंत. खरं दुखणं वेगळं होतं: पायथन ३.९ पासून पुढचं विंडोज ७ वर चालतच नाही, ३.८ हे शेवटचं. घरी जाऊन ३.८ टाकलं, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथनचा स्वतंत्र कप्पा) केलं, त्यात लागतील तेवढ्याच लायब्ररी (तयार कोडचे संच) घेतल्या. ईएक्सई हलकीही झाली.

मग "मॉड्यूल सापडत नाही". टॉवेलच्या प्रत्येक जातीचा हिशेब मी वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या फाइलमध्ये, ठेवला होता आणि चालू असताना नावावरून ते उचलत होते. पायइन्स्टॉलर कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळी (कोणतं मॉड्यूल हवं ते सांगणाऱ्या) बघून सामान भरतो. ऐनवेळी जुळवलेलं नाव त्याला कुठून दिसणार? त्याच्या हिडन-इम्पोर्ट या पर्यायात मॉड्यूलची नावं दिली, सुटलं.

पण खरी गंमत तिसरी. प्रोग्रॅम "पगारपत्रक तयार" म्हणायचा आणि पत्रक कुठेच नसायचं. एररही नाही! तेव्हा तुम्ही बाकावरचा चादरींचा गठ्ठा दाखवलात. एकच फाइल केलेली ईएक्सई म्हणजे असा बांधलेला गठ्ठा. चालवली की ती टेम्पमध्ये, म्हणजे विंडोजच्या तात्पुरत्या फाइलींच्या जागेत, नवं फोल्डर करून गठ्ठा सोडते, काम झालं की ते फोल्डर झाडून टाकते. मी फाइल सापडेना म्हणून सगळीकडे सिस.मेईपासचा, म्हणजे त्याच तात्पुरत्या फोल्डरचा, पत्ता लावून ठेवला होता. म्हणजे पत्रक त्याच टेम्प फोल्डरात बनत होतं आणि प्रोग्रॅम बंद होताच केराबरोबर जात होतं. माझे पगार मीच झाडून काढत होते, अण्णा!

"जे बदलत नाही ते गठ्ठ्यात. जे बदलतं ते गठ्ठ्याबाहेर," तुम्ही म्हणालात. लोगो आणि फॉन्ट पायइन्स्टॉलरच्या ॲड-डेटा या पर्यायानं आत गेले, त्यांना मेईपासचा पत्ता. दराची एक्सेल आणि पगारपत्रक ईएक्सईच्या शेजारी, त्यांचा पत्ता सिस.एक्झिक्युटेबलवरून, म्हणजे ईएक्सई जिथे ठेवली आहे त्या जागेवरून. परवा मालकांनी एका जातीचा दर वाढवला, तेव्हा त्यांनी स्वतःच एक्सेल उघडून आकडा बदलला. मला विचारलंसुद्धा नाही.

पुढे अँटीव्हायरसनं ईएक्सई उचलून टाकली. तुमच्या सांगण्यावरून एका फाइलऐवजी फोल्डरवाला प्रकार केला, तेव्हा त्याची कुरकुर थांबली.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही तुम्हीच पाजलात. शनिवारी पगार वाटून झाला की आमच्या पोराबरोबर दोन टॉवेल पाठवते. सेकंडचे नाहीत, पहिल्या प्रतीचे आहेत. परत पाठवू नका.

आपली,
कारखान्यातली हिशेबवाली