संतोष करंडक आणि मराठवाड्याची काळी माती

महोदय,

संतोष करंडकाची बातमी आपल्याकडच्या आवृत्त्यांत आलीच, तर क्रीडापानाच्या तळाशी चार ओळींत येते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी राज्यांच्या संघांमधल्या या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना हैदराबादेत झाला. रॉबी हांसदाने भरपाई वेळेत गोल केला, केरळ हरले आणि बंगालने ३३व्यांदा करंडक नेला. आम्हा देगलूर-उदगीरकडच्या लोकांना हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. दवाखान्याला तिकडे, लग्नाच्या खरेदीलाही तिकडेच. पण हा सामना कुणाच्या गावीही नव्हता.

वास्तविक हैदराबादचा फुटबॉल आपल्याला परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण, म्हणजे मराठवाडा, हैदराबाद राज्यातच होतो. तिथल्या शहर पोलिसांच्या संघाचा तेव्हा देशभर दरारा होता. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम त्याच वर्षी भारताचा संघ घेऊन मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उतरले आणि चौथे आले. १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णही त्यांच्याच हाताखाली मिळाले. हैदराबादने १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत संतोष करंडक सलग दोनदा जिंकला. त्या सुमारास आपण मात्र मुंबई राज्यात सामील झालो होतो. आता महाराष्ट्राच्या संघात प्रामुख्याने मुंबई, पुणे, कोल्हापूरचे खेळाडू असतात.

पुरस्कार जाहीर झाले की 'आपला कोण?' ही चर्चा मात्र हटकून होते. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून आहे आणि पहिल्याच वर्षी तो फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जींना मिळाला. मराठवाड्यात तो २०२० मध्ये धाराशिवच्या सारिका काळेने आणला, २०२२ मध्ये बीडच्या अविनाश साबळेने. सारिकाच्या मागे गावोगावचा खो-खो होता, वर्षभर सामने होते. अविनाश धावण्याकडे वळला तो सैन्यात गेल्यावर. म्हणजे त्याला आपल्या व्यवस्थेने नाही, लष्कराने हेरले. सत्काराच्या कमानी मात्र आपण उभारल्या.

फुटबॉलची पहिली अडचण पायाखाली आहे. आपली काळी माती पावसात बुटाला शेर-शेर चिकटते आणि उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. मुरूम टाकून, रोलर फिरवून, कडेने चर काढला की ऑक्टोबर ते जानेवारी मैदान उत्तम चालते. त्याला स्टेडियम लागत नाही. स्टेडियमच्या घोषणेपेक्षा चार टिप्पर मुरूम केव्हाही बरा. दुसरी अडचण स्पर्धेची. शालेय फुटबॉल बाद पद्धतीने होतो. तालुक्याला एक सामना, तोही कमी वेळाचा. हरलेली पोरे दुपारच्या एसटीने घरी. पुढच्या वर्षापर्यंत सामना नाही. जिंकणाऱ्यांच्या पालकांचे लक्षही दहावीच्या वाढीव गुणांवर असते, आणि त्यात त्यांचे काय चुकले? १५ सप्टेंबर २०१७ रोजी युवा विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभरच्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला. फोटो छान आले होते. एका दिवसाने खेळाडू घडत नाही, त्याला दर आठवड्याला सामना लागतो.

जिल्हा संघटना आणि क्रीडा अधिकाऱ्यांनी प्रत्येक तालुक्यात सहा-आठ संघांची साखळी स्पर्धा सुरू करावी. शाळा, महाविद्यालये, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले यांतून संघ सहज होतील. मुलींचे सामने त्याच मैदानावर, त्याच दिवशी. राज्य निवड चाचणी एखाद्या वर्षी नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला घ्यावी, म्हणजे गरिबाच्या पोराला मुंबईत मुक्कामाचा खर्च पडणार नाही.

आणि संपादक महाशय, एक मागणी आपल्याकडेही आहे. अशी साखळी सुरू झालीच, तर सोमवारच्या अंकात तालुक्यांचे निकाल गोल करणाऱ्यांच्या नावांसह छापावेत. आमदारांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना पान मिळते, तिथे एवढी जागा निघेल.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, देगलूर, जि. नांदेड