छापील किमतीची मेख

सणासुदीच्या ऑनलाइन सवलतींवरील आपले वृत्त वाचले. त्यात सगळा दोष ग्राहकाच्या हव्यासाला दिला आहे, तो मला पटला नाही. खरी मेख छापील किमतीत आहे. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे, पण औषधांसारखे अपवाद सोडले तर ती किती असावी हे उत्पादकच ठरवतो. 4,999 छापून 999 ला विकले की झाली 80 टक्के सवलत!

असाच एक पान्यांचा संच मी घेतला (हव्यास माझाही होताच). मोरीतल्या नळाचा नट सोडवताना पाना दुसऱ्याच पिळाला फाकला आणि नटाच्या कडाही गोल झाल्या. नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानदाराने तो बोटांत फिरवून पाहिला. ‘‘याला पाणीच दिलेलं नाही,’’ एवढेच म्हणाला; म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक केलेले नाही. त्याच्याकडचा एकच पाना 180 रुपयांना पडला, सवलत शून्य. नट मात्र त्यानेच सुटला.

युरोपीय संघात सवलत जाहीर करताना आधीच्या किमान 30 दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, फसव्या जाहिरातींना दंडही आहे. त्यात हा एक नियम घालायला काय हरकत आहे?

– एक वाचक, लालबाग, मुंबई