ओवा

चि. सौ. मधूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मध्येच ठेवलास. राग नाही. आजारपणाचं काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. आई बरी आहे. स्टेंट घालून आज पंचवीस दिवस झाले. सकाळी चहा पुचाट झाला म्हणून मला बोलली, तेव्हा जिवात जीव आला.

जिना चढताना दम लागतो, जबडा दुखतो, "दाढ असेल बाबा," म्हणालीस. मधू, आईचीही दाढच होती. गौरीजेवणाच्या दिवशी पुरणयंत्र फिरवता फिरवता घामाने डबडबली. मळमळ, पाठीत दुखणं. छातीत कळ नाही, मग हार्ट कसलं? मी ओवा दिला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली, वर "सणाची दगदग" म्हणाले. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत नुसती उसण भरली होती, तेव्हा याच डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला होता. रात्री हेच आठवत राहतं. आणि तो ओवा.

मोठ्या दवाखान्यातही पहिला ईसीजी नॉर्मलच आला. तिथली डॉक्टर तुझ्याहून लहान, पण तिने सोडलं नाही. ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी, रक्ततपासणी केली, तीन तासांनी पुन्हा केली, तेव्हा कळलं, हार्टच होतं. म्हणाली, छातीत दुखणं बायकांनाही असतंच, पण जबडा, पाठ, मळमळ, दम हे सोबत जास्त दिसतं आणि त्या "थोडंसंच" म्हणून सांगतात. अमेरिकेत बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९९१ सालीच लिहिलं होतं की आपला आजार पुरुषासारखाच आहे हे दाखवून दिलं, तरच बाईला पुरुषासारखे उपचार मिळतात.

झालं, मास्तर सुरू झाला. माफ कर.

पण एक सांगतोच. पार्थच्या वेळी तुझं बीपी १६० वर गेलं होतं, पाय सुजले होते. बाळंतपणानंतर उतरलं आणि आपण सगळे विसरलो. गरोदरपणात असं झालेल्या बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट असतो म्हणे. डॉक्टरांना हे आपणहून सांग, कुणी विचारत नाही.

दहावीत असताना तू चार भिंतीच्या टेकडीची चढण न थांबता चढायचीस आणि वरून मला हाका मारायचीस. मी खाली धापा टाकत, लोकांना सांगत, ती माझी मुलगी. त्या मुलीला दोन मजल्यांना दम लागतो? वजनाचं मला सांगू नकोस.

ऑफिसचं काम महत्त्वाचं आहे, कळतं मला. तरी आजच्या आज दाखव. ईसीजी, आणि ते म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट. "गॅस असेल" म्हणाले तरी लगेच उठू नकोस. घाम फुटला, दुखणं थांबेना, तर स्वतः गाडी काढू नकोस, १०८ लाव.

शनिवारी पहिल्या गाडीने येतोय. आईला पार्थला भेटायला जातो एवढंच सांगितलंय. तोवर गेली नसलीस तर दोघं जाऊ. नाश्ता करून तयार राहा, ईसीजीला उपाशी राहावं लागत नाही, मी विचारून घेतलंय.

तुझा,
बाबा