रॉथने पोट कशावर भरलं?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, अमेरिकेत रीनोच्या म्युझियममधल्या एड रॉथच्या गाडीचे फोटो पाहून तुम्ही फोनवर एकच विचारलंत, "असल्या गाड्या बनवून हा माणूस पोट कशावर भरायचा?" मीही गाड्याच बांधते, तेव्हा प्रश्न रॉथच्या आडून मला होता, एवढं कळतं मला. फोनवर आपली गाडी लगेच भांडणावर जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

एड रॉथ, 'बिग डॅडी' म्हणायचे त्याला. जन्म १९३२, वाढला लॉस एंजेलिसच्या परिसरात. हवाई दलात होता, मग सीअर्सच्या दुकानात मांडणीचं काम. पाच मुलगे पदरात, पगार पुरेना, म्हणून लोकांच्या गाड्यांवर रंगाच्या बारीक रेघा ओढून द्यायला लागला. पिनस्ट्रायपिंग म्हणतात त्याला. म्हणजे आधी पोट, मग कला. हे तुम्हाला पटेल.

तुम्ही पाहिलीत ती 'बीटनिक बँडिट', १९६१ची. जुन्या ओल्ड्समोबिल गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, कापून आखूड केली, बॉडी मात्र नव्याने घडवली. एरवी गाडीला वेगळा आकार द्यायचा तर पत्रा ठोकत बसावं लागे. रॉथ प्लास्टरमध्ये आकार करायचा आणि त्यावरून फायबरग्लासची बॉडी. म्हणून मनात येईल तो आकार त्याला जमला. डोक्यावरचा तो पारदर्शक घुमट म्हणजे तापवून फुगवलेलं प्लास्टिक. आत स्टिअरिंगच नाही! एकच दांडा, वळण, वेग, ब्रेक सगळं त्याच्यावर. चालवायला सोयीची असेल असं मला अजिबात वाटत नाही, पण त्या गाडीभोवती मी कितीतरी वेळ घुटमळले.

आता पैसे. गाडीने त्याला नाव दिलं, पैसे दिले टी-शर्टांनी. प्रदर्शनात गाडीशेजारी बसून एअरब्रशने शर्टांवर अक्राळविक्राळ राक्षस काढून द्यायचा. त्यातलाच 'रॅट फिंक', बटबटीत डोळ्यांचा, पोट सुटलेला हिरवा उंदीर. (आई, तुला तो बघवणार नाही.) पुढे रेव्हेल कंपनीने त्याच्या गाड्यांचे प्लास्टिकचे जोडसंच काढले. एका खोक्यामागे त्याला एक सेंट मिळायचा. ऐकायला भीक वाटते, पण पोरांनी ते संच ढिगाने घेतले.

सगळंच जमलं असंही नाही. १९६४च्या 'ऑर्बिट्रॉन'ला त्याने पुढे लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे लावले; तिन्हींचा मिळून पांढरा उजेड पडावा, ही कल्पना. लोकांना ती गाडी भावली नाही. इंजिन बॉनेटखाली झाकलं हेच चुकलं, असं तो स्वतःच म्हणायचा. पुढे ती हरवली आणि २००७मध्ये मेक्सिकोत हुआरेझ शहरात सापडली. एका दुकानापुढे उभी होती, लोक तिच्यात कचरा टाकत होते. रॉथ तोवर गेलेला, २००१ला. मधल्या काळात नॉट्स बेरी फार्म या करमणुकीच्या बागेत त्याने बरीच वर्षं पाट्या रंगवल्या. त्याचं पडतं आयुष्य म्हणून लोक हे सांगतात; मला नाही तसं वाटत. हातात ब्रश होता की!

माझंही हेच आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये एकेक गाडी वर्ष-वर्ष चालते, गिऱ्हाईक हप्त्याहप्त्याने पैसे देतं, मधेच थांबतंही. घरभाडं सुटतं ते रेघांवर आणि दुकानांच्या गाड्यांवर नावं रंगवून. "ट्रक रंगवायला इंजिनिअर झालीस का," असं तुम्ही म्हणाला होतात. हो बाबा, थोडं तेच. ब्रश खारीच्या केसांचा, तलवारीच्या पात्यासारखा कापलेला. केस लांब, दांडा बोटभर. इनॅमलमध्ये बुडवून आधी गुळगुळीत कागदावर घोळवायचा, जास्तीचा रंग निथळला की पत्र्याला टेकवायचा आणि आपल्याकडे ओढत यायचं. करंगळी पत्र्यावरून सरकत राहते, तोच आधार. दाब जरा वाढला की रेघ जाड. नजर ब्रशवर नाही, पुढे ठेवायची, जिथे रेघ जायची आहे तिथे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, उमगायला फार दिवस गेले.

आई, रंगाच्या वासाची काळजी करू नकोस. मोठं स्प्रेचं काम मी करत नाही. दोन भाग मिसळून होणारे रंग फुप्फुसाला खरंच वाईट, पण ते मारणारे बाहेरून हवा येणारा मास्क लावूनच बूथमध्ये जातात. मी पॉलिश पेपर घासते, तेव्हा साधा मास्क असतो. घासून घासून बोटांचे ठसे मात्र गेलेत, फोन उघडत नाही!

बाबा, हिशेबाचा कागद सोबत जोडलाय. रेघांचे पैसे वेगळे दाखवलेत आणि दोन महिने तोट्याचे आहेत तेही लपवलेले नाहीत. बघा, आणि काय वाटतं ते लिहूनच कळवा, फोनवर नको.

तुमची,
मनू

ता. क. शेजाऱ्यांनी विचारलं तर 'कार डिझायनर' सांगू नका. गाड्या बांधते आणि रंगवते, एवढं पुरे.