तुमच्या फ्रिजचा सा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आम्ही तिघंही उत्तम आहोत. हे सगळ्यात आधी लिहिते, नाहीतर आई पत्र शेवटाकडून वाचायला सुरुवात करेल. सोन्याची झोप पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे, अंगानेही भरलाय, शाळेच्या बसमध्ये आता एकटा बसतो. बाकी त्याच्या ऑटिझमचं रोजचं तुम्हाला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही. फोनवर नीट बोलणं होत नाही. आईचा आवाज जड झाला की मी घाईघाईने "सगळं छान आहे गं" म्हणून फोन ठेवते आणि मग रात्रभर मलाच चैन पडत नाही. म्हणून हे पत्र.

बाबा, आधी तुमच्यासाठी एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आम्ही आलो होतो तेव्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की सोन्या किंचाळायचा, आठवतं? कानांवर हात दाबून उंबऱ्याबाहेरच बसून राहायचा. मावशी म्हणाली, फार लाडावलाय. आईला वाटलं, त्याला आपलं घर आवडलं नाही. आणि मी त्याला दोनदा ओढत आत नेलं होतं, एकदा तर पाठीत धपाटाही घातला होता. तेव्हा त्याला काय होत होतं ते आत्ता कुठे कळलंय.

मागच्या महिन्यात एका रात्री तो कीबोर्डपाशी बसला होता. "घर फ्रिज" म्हणाला आणि खालच्या सप्तकातल्या काळी पाच आणि पांढरी सात या दोन पट्ट्या एकदम दाबून धरल्या. मग "आजी फ्रिज" म्हणाला आणि पांढरी पाच दाबली. असं सात-आठ वेळा. मला काही उमगेना. ह्यांनी मात्र कागद-पेन्सिल घेतली. इथे परदेशात वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते, तुमच्याकडे भारतात ५०. फ्रिजचा घुमारा त्याच्या दुप्पट, म्हणजे इथे १२० आणि तुमच्याकडे १००. शंभर म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. एकशे वीस म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध. तो सूर कुठल्याच पट्टीत नाही, म्हणून बिचाऱ्याने दोन्ही दाबल्या!

पुढचं तुम्ही माझ्याआधीच ओळखलं असेल. पाचाला सहा हे प्रमाण. तुमच्या फ्रिजला सा धरला तर आमचा फ्रिज अगदी अचूक कोमल गंधार गातो. सात वर्षं रात्रंदिवस एकाच सुरात घुमणाऱ्या घरात वाढलेलं पोर, त्याला आपण भलत्याच सुराच्या घरात नेऊन उभं केलं, आणि ते रडलं तर हट्टी ठरवलं. ते सांगायला शब्द मिळायला त्याला दोन वर्षं लागली. शब्दही चारच, बाकीचं बोटांनी सांगितलं. त्या रात्री मी त्याची माफी मागितली. त्याला ती कळली की नाही, सांगता येत नाही. तो वाजवत राहिला.

यावरूनच तुमची गाण्याची शिकवणी का फिसकटली तेही लक्षात आलं. तुम्ही मनाला लावून घेतलंत, "गोडी नाही त्याला" म्हणालात. गोडी नाही असं नाही हो. कुठलाही आधार न घेता नुसता सूर ऐकून ओळखणारी माणसं साधारण दहा हजारांत एक, असं धरतात. ऑटिझम असलेल्यांत ती बरीच जास्त आढळतात. सोन्या त्यातला. पहिल्या दिवशी तुम्ही काळी एकचा सा दिलात. त्याच्या लेखी "सा" हे त्या पट्टीचं नाव झालं, कायमचं. दुसऱ्या दिवशी तुमचा घसा बसला होता म्हणून तुम्ही पांढरी सात धरलीत आणि तिलाही "सा" म्हणालात. आपल्या संगीतात सा आपण ठेवू तिथे असतो, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की सांगावंसंही वाटत नाही. त्याला ते असं वाटलं असेल की काल ज्याला आजोबा म्हटलं त्याला आज कुणीतरी आजी म्हणायला लावतंय. आता इथली शिक्षिका कीबोर्डवर चिठ्ठी लावते, "आज सा = पांढरी दोन". चिठ्ठी दिसली की तो शांत. तुम्हीही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरा आणि दहा मिनिटंच बसा. तुम्ही परत शिकवावं अशी माझी फार इच्छा आहे. इथे सगळं मिळतं, पण तुमच्यासारखं सूर लावून नुसतं बसून राहणारं माणूस मिळत नाही.

आता आत्याच्या प्रश्नाबद्दल. तिने विचारलंन, "तू नोकरीत गुंतलीस म्हणून तर पोर असं झालं नाही ना?" तिच्यावर राग नाही माझा. पण एकदाच लिहिते, तिला वाचून दाखवा. ५०-६०च्या दशकांत मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणायचे. आईने माया लावली नाही म्हणून मूल मिटून गेलं, असं म्हणून त्या बायकांना त्यांनी नावच दिलं होतं, "रेफ्रिजरेटर मदर". फ्रिजसारखी थंड आई. किती जणींनी ते निमूट ऐकून घेतलं असेल! बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, ज्यांचा स्वतःचा मुलगा असाच होता, १९६४ साली पुस्तक लिहून ते खोडून काढलं. हा मेंदूच्या घडणीचा भाग आहे, मायेचा नाही. लशीमुळे ऑटिझम होतो, या मामाने पाठवलेल्या मेसेजचंही तेच. तो अभ्यास १९९८चा, आणि ज्या वैद्यकीय नियतकालिकाने छापला त्यानेच २०१० साली मागे घेतला. आणि घरात मराठी बोलल्याने तो गोंधळत नाही. उलट त्याची स्पीच थेरपिस्टच म्हणाली, तुमच्या भाषेतच बोला, माया त्याच भाषेतून पोचते. "पाणी" हा त्याचा पहिला शब्द. मी म्हणते त्याच चालीत म्हणतो, शेवटी जरा वर चढवून.

बाबा, तुम्ही त्या अंध पियानोवादकाचा, डेरेक पॅराव्हिचीनीचा, व्हिडिओ पाठवलात आणि खाली लिहिलंत, "आपलाही असाच होणार." तुमची माया कळते. पण त्या माणसाचं बाकीचं आयुष्यही बघा. १९७९ साली पंचविसाव्या आठवड्यातच जन्मलेलं मूल, एकदा ऐकलेलं कुठल्याही पट्टीत वाजवतो, आणि तरी रोजच्या साध्यासाध्या कामांना त्याला माणूस लागतं. वाजवता आलं म्हणून बाकीचं आपोआप सुटत नाही. सोन्या नऊ वर्षांचा आहे, त्याला अजून शर्टाची बटणं लावता येत नाहीत. ज्या बोटांनी तो फ्रिजचा सूर दाखवतो, तीच बोटं.

आणि आई, संगीताने तो बरा होईल का, हे तू दर वेळी विचारतेस. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. पाच महिने संगीतोपचार दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत ऑटिझमच्या लक्षणांचा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. वाचून मी खूप रडले होते. मग मीच मला विचारलं, तो गातो ते काय औषध म्हणून गातो का? आनंदात असतो म्हणून गातो. थेरपीला आम्ही जातो, कारण तिथे ती बाई पियानोवर त्याची वाट बघते. तो एक सूर देतो, ती एक देते, मग परत तो. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबणं त्याला दुसरीकडे कुठेच जमत नाही. मला तेवढं पुरतं. तू ह्याला हार मानणं म्हणू नकोस.

इथली एक गोष्ट मात्र तुम्हाला नीट समजावून सांगायची आहे, कारण फोनवर सांगितलं तेव्हा तुम्हाला ती चेष्टा वाटली. इथे अशा मुलांसाठी वेगळ्या मैफिली असतात. वेगळ्या म्हणजे कमी दर्जाच्या नाहीत, वादक तेच, रचनाही त्याच. पण आठवडाभर आधी एक पुस्तिका येते, फोटोंची. हे दार, ही खुर्ची, हा माणूस चेलो वाजवेल, इथे ढोल मोठ्याने वाजेल, हा दिवा असा लागेल. सोन्या ती रोज रात्री उशाशी घेऊन झोपतो. मैफिलीत अंधार करत नाहीत. दारं उघडी असतात. कुणी उठून फिरलं, ओरडलं, जमिनीवर लोळलं, तरी कुणी मान वळवून बघत नाही. शेजारी एक शांत खोली असते, दारात कानांवर लावायच्या मफची टोपली असते.

आणि टाळ्या वाजवत नाहीत! रचना संपली की सगळे दोन्ही हात वर करून पंजे हलवतात, कर्णबधिर माणसं दाद देतात तसे. पहिल्यांदा मला वाटलं, सगळे "नको, नको" म्हणतायत. मग बघितलं तर दीड-दोनशे माणसं हात वर करून उभी, आवाज कसलाच नाही, सगळ्या सभागृहात पानं हलावीत तसे हात. टाळ्यांच्या कडकडाटाने आजवर आम्ही प्रत्येक कार्यक्रमातून त्याला रडत बाहेर काढलंय. त्या दिवशी त्याने खुर्चीवर उभं राहून दोन्ही हात हलवले आणि मोठ्याने हसला. मला माझे हात वर करायचं सुचलंच नाही. हे तुम्हाला पटेल की नाही कोण जाणे, पण करून बघा. तो फोनवर काही गायला तर नुसते हात हलवा.

फोनवरून आठवलं. आई, "आजीला वाजवून दाखव" असं त्याला म्हणू नकोस. तुला वाईट वाटेल, माहीत आहे, पण ही चूक तुझ्याआधी मीच केली. गेल्या वर्षी घरी पाहुणे होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी "बोलत नाही का हा?" असं विचारलं. मला ते लागलं, आणि मी त्याला उठवून कीबोर्डवर बसवलं. वाजवलं त्याने, सगळे थक्क झाले, कुणीतरी व्हिडिओही काढला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! रात्री त्याने स्वतःचं मनगट चावून काळंनिळं केलं आणि पुढचे तीन आठवडे कीबोर्डला हात लावला नाही. तुम्हाला तेव्हा सांगितलं की कीबोर्ड बिघडलाय. बिघडला नव्हता.

आता पैशांचं. थेरपीतला निम्म्याहून जास्त भाग विम्यात बसत नाही, आणि गेल्या महिन्यापासून मी अर्धा दिवसच काम करते. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून दरमहा निम्मेच पाठवता येतील. काळजी करू नका, आम्हाला काही कमी नाही, फक्त हात जरा आखडता घ्यावा लागतोय. धाकट्याच्या लग्नासाठी कबूल केलेले मात्र पूर्ण येतील, त्यात काटछाट नाही. बाबा, तुम्ही पेन्शनमधून काही पाठवायचं मनातही आणू नका.

आणि लग्नाचं. तिकिटं काढली, आम्ही तिघंही येतोय. पण बँड आणि स्पीकर सुरू असेपर्यंत सोन्या तिथे नसेल, आमच्यातलं एक जण त्याच्याबरोबर बाहेर राहील. फोटोसाठी त्याला शोधू नका.

आई, तू म्हणालीस की मुलीकडच्यांना सोन्याबद्दल लग्नानंतर सांगू, उगाच "घराण्यात आहे का" असं निघायला नको. हे वाचून माझ्या पोटात तुटलं, पण मी तुला दोष देत नाही. १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या, तेव्हापासून कळत आलंय की ह्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणजे त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, आणि म्हणूनच तो त्यांना लग्नाआधी विचारता आला पाहिजे. धाकट्याला मूल असंच होईल असं मुळीच नाही. पण लपवून आणलेली सून उद्या सोन्याकडे कोणत्या नजरेने बघेल? माझ्या मुलामुळे भावाचं जमलेलं मोडलं तर, ही धास्ती मला तुझ्याइतकीच आहे, झोप येत नाही. तरी सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मुलीचा नंबर द्या, मी स्वतः बोलते. धाकट्याशी बोलणं झालंय, तो हो म्हणाला.

तब्येतीला जपा. बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची लेक

ता. क. लग्नाआधी नवा फ्रिज घेणार असं धाकट्याकडून कळलं. अवश्य घ्या. पण इन्व्हर्टरवाला असेल तर त्याची मोटर कमीजास्त वेगाने फिरते, सूर एका जागी राहत नाही. बसवला की दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. येईपर्यंत मी त्याला रोज ऐकवेन.