फोनवर बोलता आलं नाही म्हणून

ताई,

परवा तू विचारलंस एवढी कसली बिझी असतेस, तेव्हा तुझा फोन स्पीकरवर होता आणि भावजी शेजारी, म्हणून टाळलं. आता लिहितेच.

आमच्या सेंटरला निर्वासित बायका येतात ना, त्यांच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सध्या माझ्याकडे आहे. मला वाटायचं लाजतात म्हणून नको म्हणतात, पण एकीला भीती होती रिपोर्टमध्ये काही निघालं तर इथे राहायची परवानगी जाईल, आणि दुसरी म्हणे अंगावरून जात नाही, दुखत नाही, मग तपासायचं काय. तिला समजवायचं की बाई त्रास नसतानाच करायची असते ही, एचपीव्ही व्हायरसपासून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा १५-२० वर्षं जातात, मधल्या काळात सापडलं तर कॅन्सर होऊच देत नाही.

सुरुवातीला एक घोळ केला मी. दुभाषी बाई आल्या नव्हत्या, तर एकीच्या मुलालाच विचारायला लावलं, आईची पाळी कधी आली होती. पोरगं खाली मान घालून बसलं, ती उठून गेली ती परत आलीच नाही. अजून खातं ते मला. आता दुभाषी बाईच, फोनवर का होईना, आणि ती ओळखीतली नाही ना हे आधी विचारून.

खरा फरक पडला तो स्वतः घ्यायच्या स्वॅबने. बाथरूमला कडी लावायची, काडी आत फिरवायची, झालं. टेबलावर पाय पसरून झोपणं नाही, स्पेक्युलम, म्हणजे आत घालून उघडायचा तो चिमटा, नाही. काहींनी वाटेत जे भोगलंय त्यांना ते सहनच होत नाही गं. मी काही खोदून विचारत नाही.

पॉझिटिव्ह आलं की मात्र कसरत. पहिला प्रश्न, नवऱ्याने कुठून आणला, नाहीतर नवरा माझ्यावर संशय घेईल. मग माझी टेप चालू, की हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, कुणाकडून आला कळत नाही, बहुतेकींचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. १६ किंवा १८ नंबरचा, म्हणजे जास्त धोक्याच्या प्रकारचा निघाला तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड नीट बघायचं, त्यासाठी मोठं हॉस्पिटल, नवे चेहरे, नवे फॉर्म, तिथेच बायका गळतात. म्हणून मी सोबत जाते, ड्युटीत बसत नाही तरी.

आणि तू गं? डब्ल्यूएचओ म्हणतं ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत परत एकदा. तुझी एकदा तरी झालीये का? फोनवर नको, मेसेज कर.

तुझी,
छोटी