काल बेसिन न धरता तोंड धुतलं

प्रिय मॅडम,

काल सकाळी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि बेसिन न धरता उभा राहिलो. थोडा डुललो, पण पडलो नाही. हे सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी सुचेना.

तुमच्याकडे आलो तेव्हा महिन्याभरात तीनदा पडलो होतो. माझ्या एचआयव्हीचे रिपोर्ट मात्र छान होते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, मोजता येणार नाही इतका कमी; सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, सहाशेच्या वर. सगळे कागदाकडे बघून खूश. मीही वयावर (५२!) खापर फोडून मोकळा झालो होतो. तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "चप्पल पायातून निसटली तर कळतं का?"

कळत नव्हतं. दोनदा घरी पोचल्यावर पाहिलं तर एकाच पायात चप्पल. तो मी विसरभोळेपणा समजत होतो.

मग पाय जुळवून उभं करून तुम्ही डोळे मिटायला लावलेत. तुमचा हात मागे नसता तर चौथ्यांदा पडलो असतो. ट्यूनिंग फोर्क, तो थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्यावर टेकवलात, तिथे थरथर काहीच जाणवली नाही, घोट्यावर जेमतेम. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि पायांकडून येणारी खबर अशा तिघांची मदत लागते, हे तेव्हा समजलं. माझ्या पायांची खबर वर पोचतच नाही, तिचं काम डोळे करतात. म्हणून मी अंधारात पडायचो, नाहीतर साबण लावल्यावर.

नसांना ही इजा एचआयव्हीमुळे होते, तशी काही जुन्या औषधांमुळेही. मी बरीच वर्षं स्टॅव्हुडिन घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते हळूहळू बंद करायला सांगितलं. पण तेव्हा मी जगलो तो त्याच गोळ्यांवर, त्यामुळे राग धरवत नाही.

व्यायाम मात्र कंटाळवाणे हो! भिंतीशी एका पायावर उभं राहणं, टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला पहिल्या दिवशी १९ सेकंद लागले होते, परवा ११ लागले. तळवे अजून बधिरच आहेत, ते तुम्ही आधीच सांगितलं होतंत. खोटी आशा लावली नाहीत, हे फार बरं केलंत. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू असतो, आणि मागे पट्टा नसलेली चप्पल टाकून दिली.

एक गोष्ट तेव्हा बोललो नाही. त्या पहिल्या दिवशी हातमोजे न घालता तुम्ही माझं पाऊल हातात घेतलंत आणि तळव्यावर बोट फिरवत राहिलात. मला त्यातलं काही जाणवत नव्हतं. मी नुसता बघत होतो.

तुमचा,
मंगळवारचा शेवटचा पेशंट